गंजीफ्रॉक उतरला, बुधवारी पुन्हा चिकटला

मंडळी, मंगळवारी लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेअकरा वाजता आमच्या ओट्यावर वीसपैकी सतरा केश्ट्यांचा (म्हणजे आपल्या इथल्या रानातल्या चेस्टनटांचा) गंजीफ्रॉक, म्हणजे दाण्याला चिकटलेली आतली पातळ साल, एका ओढीत उतरला. सतरा! घरात कुणाला त्याचं काही नव्हतं. बायको म्हणाली, "छान. आता हात धू आणि गॅलरीतल्या पणत्या बघ." म्हणून इथे लिहितोय. हा आकडा वाचून कुणाच्या अंगावर काटा येणार असेल तर तो तुमच्याच.

बुधवारी त्याच कृतीनं वीसपैकी चार. त्यावरही येतो.

आधी माल. 12 ऑक्टोबरच्या रविवारी इथून, जर्मनीतल्या मानहाइमहून, लोकल धरून नॉयश्टाट, तिथून एडेनकोबेन. विला लुडविग्सहोहे या राजवाड्याच्या वरच्या उतारावर, गेल्या वर्षीच्याच पट्ट्यात. द्राक्षवेलींना खुंट लागायचे म्हणून या डोंगरकडांवर चेस्टनटचं रान राखलं गेलं, आणि आता त्या खुंटांची जागा लोखंडानं घेतल्यावर फळं आपल्यासारख्यांना. घरापुरतं वेचायला कायद्याची मुभा आहे, पोतं भरायला नाही. मी 3 किलो 100 ग्रॅमवर थांबलो. साळिंदरं (फळांची काटेरी वेष्टनं) यंदा आपणहून उकललेली होती, बुटाच्या टाचेनं नुसतं दाबायला लागलं. हातमोजे मात्र बागकामाचे कापडी नेऊ नका. तीन काटे अजून अंगठ्यात आहेत.

घरी आल्यावर पाण्यात टाकले. 52 तरंगले, बाद. त्यातले काही नुसते सुकलेले असतील, पण मला त्यांची चौकशी करत बसायचं नव्हतं. बाकीच्यांना अळ्या मारायला नेहमीची 50 अंशांची आंघोळ, 45 मिनिटं, मग गार पाणी, मग पंचावर पसरून कोरडे. तरी दुसऱ्या दिवशी ओट्यावरून एक पांढरी, गुबगुबीत, बिनपायाची अळी संथपणे गॅसच्या दिशेनं निघालेली आईला दिसली. बहुतेक तरंगलेल्या ढिगातली, तो टाकायचा राहिला होता. आई तीन महिन्यांसाठी वेंगुर्ल्याहून आली आहे. आयुष्यभर काजू सोललेल्या बाईला अळीचं काय! कागदानं उचलली, बाहेर टाकली आणि म्हणाली, "अरे झिला, हे आठळेच मां?" मी जाती-प्रजातींचं सांगायला लागलो तेव्हा ती निघून गेली होती.

शनिवारी 25 ला बहीण आइंडहोवेनहून येतेय, भाऊबीज तेव्हाच करायची. आम्ही नऊ जण. पानात मुख्य पदार्थ ओल्या काजूगरांची उसळ, फक्त काजूगरांच्या जागी केश्टे. म्हणजे मला अख्खे शंभरेक दाणे हवेत. तुकडे नकोत. उसळीत तुकडे पडले की त्याची आमटी होते.

आणि अख्खा दाणा हीच तर सगळी रड. कोट, म्हणजे बाहेरचं कडक कवच, काढणं काही अवघड नाही. पण आपल्या रानातल्या केश्ट्यांत गंजीफ्रॉक दाण्याच्या घड्यांत खोल घुसलेला असतो, कधीकधी दाण्याचे दोन भागच करून टाकतो. फ्रान्समध्ये असे दुभंगलेले दाणे शंभरात बारापेक्षा कमी निघाले तरच त्या जातीला 'मारों' म्हणायचं, असा नियमच आहे. आपले केश्टे त्या परीक्षेला बसूच नयेत. चिनी जातीचा गंजीफ्रॉक म्हणे सहज निघतो, जपान्यांनी तर पोरोतान नावाची पटकन सुटणारी जातच तयार केली. आपण मात्र नखं काळी करत बसतो. आणि गंजीफ्रॉक ठेवूनही चालत नाही, तुरटपणा सगळा त्याच्यातच.

गेल्या आठवड्यात रोज रात्री एक घाणा लावत होतो. भट्टीत 200 अंशांवर वीस मिनिटं: चव झकास, गंजीफ्रॉक अर्ध्यांचा सुटला, पण दाणा बाहेरून कडक होतो आणि वाटप शोषून घेत नाही. भाजून नुसते खायचे तर यासारखं दुसरं काही नाही, तो वाद मी पुन्हा उकरणार नाही. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं: वीसपैकी नऊ, तेही बोटं भाजून. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून मग उकळत्या पाण्यात: अकरा. मायक्रोवेव्ह: दहा ठेवले, एकाचा करगोटा (सालीला आधी द्यायची चीर) नीट पडला नव्हता, तो फुटला आणि बाकीच्या नऊंवर त्याचं पीठ बसलं. पुढे लिहीत नाही.

करगोट्यावरून आठवलं. फुली मारणं सोडा. फुलीनं कोट चार पाकळ्यांत उघडतो, पण आतल्या सालीला धड चीर पडत नाही. पोटाच्या फुगीर बाजूवरून आडवी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, गंजीफ्रॉक कापून दाण्याला जेमतेम लागेल इतकी खोल. आणि तो बाजारात मिळतो तो फुली पाडायचा चिमटा कुणीही घेऊ नका. मी बारा युरो घालवले, आता त्यानं मुलगी प्लॅस्टिसिनवर नक्षी काढते. पोपटाच्या चोचीसारखी वाकडी छोटी सुरी, बास.

तर मंगळवार. पूजा, फराळ, फोन सगळं आटपलं आणि मी घाणा लावला: कुकरमध्ये जाळीवर वीस केश्टे, खाली दीड वाटी पाणी. बेत असा की एक शिट्टी, मग मंद आचेवर तीन मिनिटं, मग गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्यायची. पण आईला सकाळसाठी वाटाणे उकडून ठेवायचे होते. तिनं मला विचारलं नाही. चिमट्यानं शिट्टी उचलली, सगळी वाफ फुस्सकन सोडून दिली, झाकण काढलं आणि जाळी माझ्यापुढे ठेवली. मी रागावणार तेवढ्यात पहिला दाणा हातात घेतला.

कोट आणि गंजीफ्रॉक एकत्र, टोपी काढावी तसे.

माझा अंदाज असा. कुकरच्या आत तापमान 120 अंशांच्या आसपास. दाब एकदम उतरला की सालीखालच्या पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते आणि ती साल आतून बाहेर ढकलते. हळूहळू गार होऊ दिलं तर हा धक्का बसतच नाही. म्हणजे गेल्या वर्षी आपल्यापैकी दोघांनी "कुकरनं काही होत नाही, लगदा होतो" असं सांगितलं होतं, ते बहुधा शिट्टी पडायची वाट बघत बसले असणार. (शिट्टी उचलताना वाफ जाते ती बाजू भिंतीकडे असू द्या, तोंड लांब. आणि करगोटा प्रत्येकाला हवाच, एकही सुटायला नको.) सोलताना पाच-पाचच बाहेर काढायचे, बाकीचे गरम ओल्या पंचाखाली. गार झाला की परत चिकटला.

बुधवारी पाडव्याला ऐटीत दुसरा घाणा. सगळं तेच, आईनंच शिट्टी उचलली. चार! बाकीच्या सोळांचा कोट सुटला पण गंजीफ्रॉक कातडीसारखा बसलेला. अर्धा तास आम्ही दोघं कुकरला दोष देत होतो, रिंग बदलून पाहिली. मग लक्षात आलं, पहिले वीस फ्रिजमधल्या कागदी पिशवीतले होते आणि हे टोपलीतले, आणि टोपली दहा दिवस हीटरशेजारच्या फळीवर. काट्यावर ठेवले. साधारण एकाच आकाराचे दहा-दहा निवडून: फ्रिजमधले 112 ग्रॅम, टोपलीतले 84. ताज्या केश्ट्यात निम्मं पाणीच असतं. ते उडालं, मग वाफ व्हायची कशाची? शिवाय दाणा आक्रसतो आणि गंजीफ्रॉक घड्यांत आणखी आवळून बसतो.

उपाय आईचाच. जून काजूगर सोलायला ती ते गरम पाण्यात भिजत टाकते. मी टोपलीतले वीस करगोटा पाडून रात्रभर पाण्यात ठेवले. आज भाऊबीजेच्या सकाळी कुकर, एक शिट्टी, तीन मिनिटं, फुस्स. अठरा. फ्रिजमधल्यांपेक्षा एक जास्त! आई फक्त "बरां" म्हणाली आणि कुकर घेऊन गेली.

उरलेले शंभर आता पातेल्यात भिजतायत. उद्या संध्याकाळी पाच घाणे. आधीचे अख्खे धरून उसळीचं जमलं. केश्टे गोड, म्हणून मालवणी मसाला दीडपट आणि सोलं थोडी जास्त, आणि दाणे अगदी शेवटी सोडायचे, एक उकळी. पाकिटातले सोललेले घ्यायचा सल्ला देणाऱ्यांनी कृपया गप्प बसावं, ते फार आधी मेलेले असतात. ताजे कमीच पडले तर बाजारचौकाजवळच्या तुर्की दुकानात मोठे केस्ताने आहेत, तो माणूस हाताळून निवडू देतो.

राहिला प्रश्न चुऱ्याचा. फसलेल्या घाण्यांचे तुकडे आणि भुगा मिळून 600 ग्रॅम फ्रिजमध्ये आहे. फ्रेंच लोकांसारखं गोड वाटण करून साय घालायची असं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता सुचतंय, करंज्या! पुरणयंत्रातून काढला तर पोत थेट पुरणासारखा येतो. ओल्या नारळाच्या करतो तशा, त्याच दिवशी तळून त्याच दिवशी संपवायच्या, ओलसर सारण असल्यानं टिकणार नाहीतच. निम्मा चुरा, निम्मं खवलेलं खोबरं, वेलची. अडलंय ते गुळावर. केश्टे मुळात गोड, आणि गूळ सुटला तर सारण पातळ होऊन करंजी तेलात फुटेल. कुणी भाजलेली खसखस घालून सारण घट्ट केलंय का? वाटीला किती? शुक्रवारी दुपारी चारच्या आत सांगा, नंतर कुकर माझ्या ताब्यात आहे आणि मी काही वाचणार नाही.