इंजिनाला कुठे स्टेअरिंग असतं?

वैशाखातली दुपार. जळगावात या वेळी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, दिसलंच तर टपरीच्या सावलीत जीभ बाहेर टाकून पडलेलं. घरात कूलर घरघरतोय, आमरस अंगावर आलेला, सगळे आडवे झालेले. आणि मी चटईवर पालथा पडून एक दातेरी चाक शोधतोय. आठ दात्यांचं, तुरीच्या दाण्याएवढं, मोटरच्या दांडीवर बसणारं. चटई आमच्याच एमआयडीसीतली. हिच्या विणीत एकदा काही गेलं की ती परत देत नाही. सुई, टाचणी, आईच्या कानातल्याची फिरकी, सगळं पोटात ठेवून गप्प.

सापडलं शेवटी, कूलरच्या स्टँडखाली. तोवर झोप उडालेली, म्हणून हे लिहायला बसलो.

मिनी फोर-डब्ल्यूडी ज्यांच्या घरात आहेत त्यांना सांगायला नको. ज्यांच्या घरात नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: तळहातावर मावणारी गाडी, दोन पेन्सिल सेल, एक मोटर आणि चारही चाकांना जोर. मोटर सहसा मागे असते. तिचा जोर पुढच्या चाकांना पोचवायला गाडीच्या पोटातून एक बारीक दांडा जातो. रिमोट नाही. बटण सरकवायचं, ट्रॅकवर सोडायची, की सुटली. दोन्ही अंगांना आडवे फिरणारे छोटे रोलर असतात, ते ट्रॅकच्या भिंतींना घासत जातात आणि गाडी वळते. जपानात शिझुओका नावाचं शहर आहे, तिथली तामिया कंपनी या बनवते. या मंडळींनी १९४६ साली लाकडाच्या धंद्यापासून सुरुवात केली, मग लाकडी मॉडेलं, मग प्लास्टिकची. १९८२ मध्ये पहिल्या मिनी फोर-डब्ल्यूडी आल्या त्या पिकअप ट्रकच्या रूपात, जरा दांडगट. पळणाऱ्या रेसर आल्या १९८६ मध्ये, आणि १९८८ पासून तिकडे जपान कप नावाची शर्यत सुरू झाली. एवढं पुरे.

आता जमवणाऱ्यांचं. यात एक जमात अशी आहे की डबा आणायचा आणि फोडायचाच नाही. कपाटात रांगेने लावायचे, धूळ पुसायची, पाहुण्यांना लांबून दाखवायचे. मला हे कधी झेपलं नाही. डबे बंदच ठेवायचे तर कुरडयांचे ठेवावेत, त्या वर्षभर उपयोगाला तरी येतात. माझ्याकडे एकही डबा शाबूत नाही. घरी आला की त्याच रात्री फुटतो. प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले सुटे भाग, त्यांचा तो नवा वास, चौकटीतून एकेक भाग कापून काढताना होणारा कट् आवाज. यासाठी वेगळी पक्कड मिळते म्हणे, आमच्याकडे नेलकटर आहे. स्टिकर मात्र मी लावत नाही. एकदा तिरकं बसलं की ते जन्मभर तिरकंच दिसतं. रिकाम्या चौकटी फेकतही नाही, माळ्यावर त्यांचा ढीग आहे, आणि त्याचं काय करणार हा प्रश्न घरात दर दिवाळीला निघतो.

खरं सांगायचं तर मला पळवण्यापेक्षा जोडण्यात जास्त गोडी आहे. याचं मूळ पाचोऱ्यात.

पाचोऱ्याला आजोळ. पहिली गाडी मामाने केली ती ज्वारीच्या धांड्याची. दादर ज्वारी निघाली की खळ्यात धांडे पडलेले असत. त्यांची साल सोलून आतला पांढरा भेंड काढायचा, सालीच्याच काड्या टोचून बैलगाडी करायची. जू, साट्या, सगळं. ती संध्याकाळपर्यंत टिकायची. पण करायला आली की मोडल्याचं दुःख नसतं, दुसरी करायची. मग कधीतरी बाजारातून सेलवर चालणारी पत्र्याची जीप आली. ती दोनेक दिवस चालवली आणि तिसऱ्या दिवशी खोलली. आत काय आहे हे बघितल्याशिवाय चैन पडेना. आजीने ओसरीवरून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "चांगली चाली ऱ्हायनी व्हती, कसाले खोली रे?"

कसाले, याला उत्तर नव्हतं. मार होता. पण मोटर मिळाली. तिचं डबडं उचकटलं की आत दोन वाकडे काळे चुंबक निघत. ते दोऱ्याला बांधून गल्लीतल्या मातीतून ओढत न्यायचे, आणि त्यांना चिकटून आलेला काळा लोखंडाचा भुगा कागदावर झटकून काडेपेटीत भरायचा. त्या भुग्याचं काय करायचं तेही माहीत नव्हतं. काडेपेटी भरली की श्रीमंत झाल्यासारखं वाटे. (माळ्यावरच्या चौकटींचं मूळ बहुतेक इथेच असावं.) सेल संपले की ते पत्र्यावर उन्हात ठेवायचे. हसू नका, थोडा वेळ खरंच चालायचे. ऊब लागली की आतली रासायनिक क्रिया जरा जोर धरते. आणि आमच्याकडे उन्हाला तोटा नव्हता.

मुंबईच्या आत्याचा मुलगा सुट्टीत यायचा तो मेकॅनिक्सचा डबा घेऊन. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, नट, बोल्ट. ही कल्पना मूळची लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीची, त्याने १९०१ मध्ये पेटंट घेतलेली, पुढे मेकॅनो नावाने जगभर गेलेली. पण हे मला मोठेपणी कळलं. तेव्हा कळत होतं ते एवढंच, की दादा क्रेन बांधतो आणि आपण पाना धरून बसायचं. धरून म्हणजे नुसता धरून. त्याने हात पुढे केला की द्यायचा. सुट्टी संपली की डबा बंद होऊन मुंबईला. त्या पान्याचा गारवा अजून हाताला आठवतो, त्या उन्हाळ्यात गार लागणारी घरातली ती एकच वस्तू असावी.

तेव्हा खेळणं खोललं की धपाटे बसत, आणि आता पैसे मोजून जे खेळणं आणतो ते खोललेलंच येतं. यावर काहीतरी मोठं बोलता येईल असं मला बरेच दिवस वाटत होतं. पण दर वेळी विचार करायला लागलो की आमची पीजे आठवते आणि गाडी भलत्याच रुळावर जाते. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर. अडीच फुटांचे रूळ, खेळण्यातले वाटावेत असे डबे, शेंदुर्णी, पहूर करत ती अशी निवांत जायची की घाईचा माणूस एसटीने जाई आणि बाकीचे पीजेने. करोनात थांबली ती थांबलीच. आता तिथे ब्रॉडगेज होणार म्हणतात. होऊ दे.

रुळांवरून अण्णा आठवले. आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. पहिल्यांदा माझी गाडी पाहिली तेव्हा त्यांनी ती उलटी केली, चाक बोटाने फिरवलं, कानाशी नेली आणि म्हणाले, "गिअरमध्ये केस अडकलाय." केसच होता. थंडीत जिनिंग सुरू झाल्या की हवेत कापसाचे तंतू उडतात, तेही असेच आसाला गुंडाळले जातात. अण्णांनी खिशातून चिमटा काढला. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी या माणसाच्या खिशात चिमटा असतो.

मग मोटरवर गाडी आली. जुन्या इंजिनांच्या मोटरी डीसी, त्यांत कार्बनचे ब्रश असत. ते झिजायचे, बदलायचे. "घरी आलो की नाक शिंकरलं तर रुमाल काळा," अण्णा म्हणाले. "आता नव्या इंजिनांत थ्री-फेज मोटर, ब्रशच नाही. चांगलंच आहे, पण मग शेडमध्ये आम्ही काय करायचं?" माझ्या गाडीच्या मोटरीत ब्रश आहेत हे कळल्यावर ते खूश झाले, आणि ते बदलता येत नाहीत हे कळल्यावर भडकले. "ब्रश बदलता येत नाही? मग ती काय मोटर झाली!" नवी मोटर आधी एकाच सेलवर हळूहळू फिरवून घ्यायची, म्हणजे ब्रश ज्या फिरत्या कम्युटेटरवर घासतो त्याचा आकार ब्रशला येतो, हे मी त्यांना मोठ्या ऐटीत सांगायला गेलो. "आम्ही पॉलिश पेपरने घासून बसवायचो," एवढंच बोलून त्यांनी माझी हवा काढली. दुसऱ्या दिवशी डबड्याच्या कडा वाकवून त्यांनी मोटर उघडलीसुद्धा. अण्णा, शर्यतीच्या नियमात मोटर उघडायला बंदी आहे. "जपानच्या नियमाला इथे कोण विचारतं रे भो!"

मी एकदा त्यांना म्हटलं की या गाडीची गंमत अशी, की एकदा सोडली की आपल्या हातात काही उरत नाही. जे करायचं ते आधी, टेबलावर. गिअर साडेतीनास एक (मोटरचे साडेतीन फेरे, चाकाचा एक) लावायचा की पाचास एक, रोलर कुठे बसवायचे, सेल कोणते. बटण दाबलं की आपण नुसते बघे. मला वाटलं, बोललो बुवा काहीतरी. अण्णांनी चहा बशीत ओतला. "इंजिनाला तरी कुठे स्टेअरिंग असतं? ड्रायव्हर फक्त जोर देतो आणि थांबवतो. वळवतो तो रूळ."

हे इतकं उघड होतं की मला कधी सुचलंच नव्हतं. गाड्या बघत मोठा झालो, पीजेच्या खिडकीत बसून हात बाहेर काढले, आणि चाकाच्या आतल्या कडेने रूळ गाडीला वळवतो हे कधी डोक्यात आलं नाही. माझ्या गाडीचे रोलर म्हणजे तीच कड, फक्त आडवी करून बाहेर काढलेली. त्या रात्री मी सगळ्या गाड्या काढून बसलो आणि नुसते रोलर फिरवत राहिलो. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, अण्णा.

ट्रॅकही अण्णांच्याच डोक्यातला. जपानी ट्रॅक प्लास्टिकचे तयार येतात, तीन लेनचे. लेनची रुंदी ११५ मिलिमीटर, भिंत ५० मिलिमीटर. गाडी नियमाने जास्तीत जास्त १०५ मिलिमीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून बोटभर फट. तो ट्रॅक आपल्या खिशाला नाही. पण रावेरकडे अण्णांच्या भाच्याची केळी आहे, आणि केळी आहे तिथे ठिबक आहे, आणि ठिबक आहे तिथे जुन्या लॅटरलची वेटोळी बांधावर पडलेली असतात. काळी नळी, १६ मिलिमीटरची. तीन नळ्या एकावर एक ठेवून तारेने बांधल्या की झाली ४८. अण्णांनी पट्टीने मोजून दाखवलं, आणि वर पन्नासला दोन कमी याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. बाहेरून विटांचा टेका. गच्चीवर मांडलेला तो ट्रॅक बघून खालच्या वॉचमनने विचारलं, "साहेब, वर केळी लावता काय?"

नळी उन्हात मऊ पडते, म्हणून शर्यत सकाळी. येणारी मंडळी तीच ती. एक बँकेतला, एक डाळमिलवाला, खालच्या मजल्यावरचा आठवीतला पोरगा आणि त्याच्यासोबत येऊन मोबाइल बघत बसणारा त्याचा बाप. पोरगा वस्ताद आहे. त्याने रिचार्जचे सेल आणले. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं, आमच्यांवर १.५. डाळमिलवाला हसला. पोराची गाडी सगळ्यांच्या पुढे. साध्या सेलकडून मोटरने जोरात करंट मागितला की तो दम सोडतो, व्होल्टेज पडतं. रिचार्जचा सेल निमूट देत राहतो. डाळमिलवाल्याने पुढच्या वेळी चार्जरच आणला, बोलला मात्र काही नाही.

सध्या वाद वेगळाच चालू आहे. जपानी ट्रॅकवर एका ठिकाणी पूल असतो, त्यावरून गाड्या लेन बदलतात, म्हणजे प्रत्येकीला तिन्ही लेनमधून धावावं लागतं आणि अन्याय होत नाही. आमच्याकडे पूल नाही. त्यात गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी उतार दिलेला, त्यामुळे पन्हाळीकडच्या लेनवाल्याला पहिलाच सरळ पट्टा उताराचा मिळतो आणि वळणावर तो नळी उडवून बाहेर जातो. म्हणजे ती लेन फायद्याची की तोट्याची, इथपासून वाद. बँकेतला म्हणतो चिठ्ठ्या टाकू. डाळमिलवाला म्हणतो सिमेंटचा थर देऊन गच्चीच सपाट करू. सोसायटीची परवानगी कोण आणणार, यावर सगळे गप्प. अण्णा म्हणतात पूल बांधू, आणि त्यांनी पत्रा कापायला दिलासुद्धा आहे. तो उंच होणार, गाड्या त्यावरून थेट शेजारच्या गच्चीवर जाणार, हे मला दिसतंय. पण फिटरला कोण सांगणार.

रविवारी सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत. गच्चीची किल्ली अण्णांकडे आहे. चहा मिळेल, सेल ज्याने त्याने आपले आणावेत.