एक पेशंट, दोन नावं, दोन फायली: सिकलसेल असताना बाळंतपण (माझा अनुभव)

मला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडून आलेला रक्ताचा आजार, ह्यात हातपाय, पाठ फार दुखतं. शाळेत असताना तपासणीवाले आले होते, बोटातून रक्त घेतलं, मग मोठी टेस्ट झाली आणि तेव्हापासून हा शब्द घरात आहे. माझा मोठा भाऊही एसएस. त्याचे पाय दुखले की बाबा रात्री दोनला स्कूटर काढायचे, माझे दुखले की आधी आई विचारायची "पाळी आली का?" आणि मग गरम पाण्याची पिशवी. आईबाबांवर राग नाही माझा पण मी ते विसरली नाही. सिकलमध्ये पाळीच्या दिवसांत दुखणं वाढतं, बऱ्याच पोरींचं वाढतं, म्हणजे प्रश्न बरोबरच होता, पण म्हणून पिशवी घेऊन झोपून राहा हे चूक होतं.

लग्नाच्या आधी आम्ही सगळं सांगून टाकलं होतं. नातेवाईक म्हणून राहिले होते की काहून सांगता, पोरीचं जमणार नाही, पण मी अडून बसली की मुलाची एचपीएलसी (रक्तात सिकल आहे का ते सांगणारी) टेस्ट झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. नवऱ्याची टेस्ट नॉर्मल आली, एए. म्हणजे आमचं मूल वाहक होणार, एएस, पण माझ्यासारखं आजारी नाही. दोघंही वाहक असले तर दरवेळी चारात एक शक्यता एसएस मुलाची असते, आमच्या घरी आईबाबांना दोनदा तेच झालं आणि त्यांना बिचाऱ्यांना माहीतही नव्हतं.

आता मुद्द्यावर येते. मूल हवं असं ठरलं तेव्हा सिकलच्या ओपीडीत मी स्वतःहून विचारलं, तर डॉक्टर म्हणाले हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे माझी सिकलची रोजची गोळी, तीन महिने आधी बंद करावी लागेल, ही गोळी गरोदरपणात चालत नाही, फॉलिक ॲसिड पाच एमजी मात्र चालू ठेवा. मी विचारलं म्हणून कळलं. इतकी वर्षं ती गोळी घेत होती, लग्न झालंय हेही त्यांना माहीत होतं, पण आधी कुणी बोललं नव्हतं.

सप्टेंबर संपता संपता टेस्ट पॉझिटिव्ह आली. घराजवळच्या केंद्रात नाव नोंदवलं, माता-बाल कार्ड मिळालं, एचबी (हिमोग्लोबिन) आलं साडेसात. सिस्टर म्हणाल्या, "बाई, काही खात नाही का तू? पालक खा, गूळ-शेंगदाणे खा," आणि लोहाच्या लाल गोळ्यांच्या पट्ट्या हातात दिल्या. मी म्हटलं मॅडम मला सिकलसेल आहे. "हो ना, म्हणूनच तर रक्त कमी आहे, गोळ्या घे." आता हे समजून घ्या. चांगली लाल पेशी १२० दिवस जगते, आमची विळ्यासारखी वाकडी झालेली पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. रक्त कमी आहे ते पालक न खाल्ल्यामुळे नाही. आणि माझ्यासारखीला लहानपणापासून कितीतरी वेळा रक्त चढलेलं असतं, त्यातून लोह अंगात साचत जातं, म्हणून फेरिटिन (अंगात लोह किती साठलंय ते सांगणारी टेस्ट) बघितल्याशिवाय लोहाच्या गोळ्या द्यायच्या नसतात. माझं फेरिटिन केलं तर भरपूर निघालं, सिकलच्या डॉक्टरांनी लोह बंद लिहून दिलं, तरी पुढच्या प्रत्येक भेटीत मला पालकच सांगितला. सासूबाईंना वाटायला लागलं की मी खरंच जेवत नाही, त्यांनी शेजारणीसमोर बोलूनही दाखवलं, ते मला फार लागलं.

खरा त्रास डिसेंबरात झाला. नागपूरची थंडी माहीतच आहे, आणि थंडीत आमच्या पेशी नसांत जास्त अडकतात आणि दुखणं उठतं. रात्री अकराला मांड्या आणि पाठ असं काही धरलं की मला नीट श्वास घेता येईना. सरकारी हॉस्पिटलला गेलो (नाव लिहीत नाही). बाळंतपणाच्या विभागात म्हणाले बाळाचे ठोके बरोबर आहेत, हे सिकलचं दुखणं आहे, मेडिसिनला जा. मेडिसिनमध्ये म्हणाले चौथा महिना आहे, आम्ही कसं ठेवून घेऊ, गायनॅककडे जा. दोन मजले, लिफ्ट बंद, नवरा व्हीलचेअर शोधून राहिला होता आणि मी पायरीवर बसली होती. एक ज्युनियर डॉक्टर पोरगी होती, तिनं ऑक्सिजन बघितला आणि ओरडूनच बेड मागितला. तिचं नाव मला माहीत नाही पण रोज आठवण येते.

सकाळी रक्त लावायचं ठरलं तर रक्तपेढीतून नवरा रिकाम्या हाती परत. काय तर नावं जुळत नाहीत. माझं सिकलचं कार्ड, जुने सगळे रिपोर्ट, आधी किती वेळा रक्त चढलं त्याची नोंद, दिव्यांगाचं यूडीआयडी कार्ड, सगळं माहेरच्या नावावर. आधार मी लग्नानंतर बदलून घेतलं म्हणून गरोदरपणाची फाईल सासरच्या नावावर. कॉम्प्युटरमध्ये मी दोन वेगळ्या बायका होती, एकीला सिकलसेल होता आणि एक गरोदर होती. आणि त्यांचं चूक नाही यात, रक्ताच्या बाबतीत नाव तपासायलाच पाहिजे, चुकीचं रक्त गेलं तर माणूस मरतो. पण माझ्या भावाला हा प्रश्न कधीच येणार नाही ना. त्याचं नाव जन्मभर तेच.

सिकलवाल्यांना सरकारी रक्तपेढीत रक्त फुकट मिळतं, तेही त्या कार्डावर. कार्ड माझं, पण नाव "दुसऱ्याच बाईचं". दुपारी चारला रक्त लागलं, लग्नाचं सर्टिफिकेट घरून आणल्यावर.

त्या ॲडमिशनमध्ये आमच्या आशाताईंनी सांगितलं की हॉस्पिटलात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांच्याकडे जा. मला वाटायचं ते फक्त पैशाच्या मदतीसाठी असतात. त्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, एका पत्रावर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं लिहून दोन्ही फायलींना लावलं, आणि सर्वात मोठं काम म्हणजे सिकलच्या डॉक्टरांना आणि बाळंतपणाच्या मॅडमना एकाच कागदावर सही करायला लावली. त्यासाठी मला तीन वेगळ्या दिवशी जावं लागलं कारण दोघांची ओपीडी वेगळ्या वारी.

तो कागद म्हणजे काय तर एक पान. माझा पॅटर्न, नेहमीचं एचबी किती, लोह द्यायचं नाही, फॉलिक पाच एमजी, रोज लहान ॲस्पिरिन कारण आमच्यात बीपी वाढायचा धोका जास्त, दुखलं तर आधी पॅरासिटामॉल आणि पाणी, डायक्लोफेनॅक (दुखण्यावरचं औषध) नको, ताप किंवा छातीत दुखलं तर थांबायचं नाही लगेच ॲडमिट, आणि कोणत्या विभागाने ठेवून घ्यायचं ते स्पष्ट. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. मी लॅमिनेट करून घेतला, एक फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये, एक आईच्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरकडून तपासणी असते, तिथे माझ्या कार्डावर जोखमीचं लाल स्टिकर लागलं, तेव्हाही मी हाच कागद पुढे केला आणि पहिल्यांदा कुणी पालक म्हणालं नाही.

मला वाईट ह्याचं वाटतं की हे नागपूर आहे. मध्य भारतातल्या सिकलवर इथल्या डॉक्टरांनी १९५८ सालीच लिहून ठेवलंय. बौद्ध, गोंड, कुणबी, तेली, विदर्भात किती घरांत हा आजार आहे. २०१६ च्या कायद्यात तो दिव्यांगत्वात आला, २०२३ पासून देशभराचं मिशन आहे. तपासणी होते, कार्ड मिळतं, गोळ्या मिळतात. मग सिकलवाली मुलगी मोठी होऊन आई होणार, ह्याची तयारी काहून नाही? एक ओपीडी, महिन्यातून एक दिवस, दोन्ही डॉक्टर एका खोलीत, इतकंच मागणं आहे.

बाळंतपण नवतप्यात आलं, मे संपतानाच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. ४५ डिग्री, आणि अंगातलं पाणी कमी झालं की क्रायसिस, म्हणजे तेच जोराचं दुखणं. मी कूलरसमोर बसून दर अर्ध्या तासाला पाणी पीत होती, सासूबाई स्वतः घड्याळ बघून ग्लास द्यायच्या, त्या कागदावर पाण्याचं लिहिलेलं नवऱ्याने त्यांना वाचून दाखवलं तेव्हापासून. सदतीस आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणून डिलिव्हरी झाली. मुलगी, अडीच किलो. रडायचं तेव्हा मीच जास्त रडली.

पाचव्या दिवशी मला परत जोराचं दुखलं. तोपर्यंत सगळ्यांचं लक्ष बाळाकडे, मला सगळे म्हणून राहिले होते की बाळंतपणात दुखतंच. आईनेच म्हटलं, "नाही, हे तिचं ते दुखणं आहे, कागद काढा." माझ्या आईनं. तिनं ते म्हटल्यावर मला दुखत असूनही बरं वाटलं.

घरी सोडताना कॉपर-टीबद्दल विचारलं, पण त्याने पाळीत रक्त जास्त जातं आणि माझं एचबी बघता ते नको वाटलं, नंतर सिकलच्या डॉक्टरांशी बोलून अंतरा, म्हणजे मूल न राहण्याचं इंजेक्शन घेतलं. हायड्रॉक्सीयुरिया अजून बंदच आहे कारण दूध पाजते. यूडीआयडीवर नाव बदलायचा अर्ज टाकलाय, पेंडिंग दाखवून राहिलं.

मागच्या आठवड्यात गल्लीतली एक पोरगी आली, एसएस, दुसरा महिना, आणि हायड्रॉक्सीयुरियाची गोळी अजून चालूच. तिला कुणी सांगितलंच नाही. तिनं माझ्या कागदाचा फोटो घेतला, पण मी म्हटलं तसाच वापरू नको, तुझा तुझ्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायचा, आणि गोळीचं आजच फोन करून विचार. शुक्रवारी सिकलची ओपीडी आहे, मी तिच्यासोबत जाणार आहे, लग्नाचं सर्टिफिकेट घेऊन ये म्हटलंय, आणि आठच्या आधी पोहोचायचं, मग नंबर लवकर लागतो.