सोलापूरला फक्त गाडी बदलू नका

पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट. आमच्या रत्नागिरीकडची माणसं देवदर्शनाला निघाली की ही तिन्ही गावं करतात आणि सोलापुरात फक्त गाडी बदलतात. "तिथं काय बघायचंय?" हे निघताना मलाही घरात ऐकावं लागलं. तरी यंदा आषाढात मुक्काम सोलापुरातच ठेवला.

आषाढात आमच्याकडे छत्रीशिवाय अंगणात जाता येत नाही. इथे ढग नुसते येऊन जातात. सह्याद्रीनं पाऊस आधीच काढून घेतलेला असतो आणि पठारावर पोचतो तो वारा. समुद्राच्या वाऱ्याची मला जन्माची सवय, पण तो ओला. हा कोरडा ठणठणीत. ओठ फुटतात, केसांत माती बसते. "किल्ला बघायचा तर सकाळीच उरका की, दुपारी डोळे उघडू देत नाही," रिक्षावाले काका म्हणाले. ऐकलं ते बरं झालं.

भुईकोट किल्ला शहराच्या ऐन मध्यावर आहे. बहमनी काळातली दुहेरी तटबंदी, भोवती खंदक आणि एका बाजूला सिद्धेश्वराचं तळं. आमचे कोकणातले किल्ले समुद्राच्या किंवा कड्याच्या भरवशावर उभे असतात. इथे सपाटीवर तसा आधार कुठला? म्हणून भिंतीच्या आत दुसरी, अधिक उंच भिंत. आत आता बाग आहे. जोडपी, कॉलेजची मुलं, पुरातत्त्व खात्याचे फलक. फलकांवरचा मजकूर मात्र फार त्रोटक.

या किल्ल्याची खरी गंमत लग्नांमध्ये आहे. सोळाव्या शतकात आदिलशाही राजकन्या मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण द्यायचं ठरलं होतं. तो दिलाच नाही, आणि त्यावरून दोन्ही घराण्यांत वर्षानुवर्षं लढाया झाल्या. पुढे निजामशाहीची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा हाच किल्ला तिच्याबरोबर आंदण म्हणून गेला. आता पलीकडे तळ्याकाठी बघा. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांवर एका कुंभारकन्येचं मन जडलं. ते योगी, लग्न कसं करणार? मग त्यांच्या योगदंडाशी तिचा विवाह लागला, अशी कथा आहे. दर जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात त्या याच लग्नाच्या. मानाचे उंचच उंच नंदीध्वज मिरवत आणतात. एका लग्नात किल्ला मागितला, दुसऱ्यात नवराही मिळाला नाही; आणि गावानं आजवर जपलं ते हे दुसरं!

सिद्धेश्वराचं मंदिर तळ्याच्या मधोमध आहे. वाऱ्यानं पाणी पायऱ्यांवर आपटत होतं. सिद्धरामेश्वरांनी शहरात आणि परिसरात अडुसष्ट लिंगं स्थापन केली. सगळ्यांचं दर्शन घेत फिरणारी माणसं आजही भेटतात. मी त्या वाटेला गेलो नाही, पाय माझेच आहेत.

संग्रहालय म्हणून मला सर्वांत भावलं ते भैय्या चौकाजवळचं डॉ. कोटणीसांचं स्मारक. द्वारकानाथ कोटणीस 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात जन्मले. 1938 साली जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. बाकीचे चौघं परतले, हे राहिले. आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिका ग्वो चिंगलान यांच्याशी लग्न केलं. 9 डिसेंबर 1942 ला गेले, वय 32. त्यांच्या राहत्या घराचंच महापालिकेनं स्मारक केलंय. भिंतींवर फोटो आणि माहिती, एवढंच. पण ज्या घरात वाढले त्याच घरात उभं राहून ते कुठवर गेले हे वाचताना अंतर कळतं, तसं मोठ्या दालनात कळलं नसतं. आमच्या थिबा राजवाड्यात याच्या उलट आहे: ब्रह्मदेशातून आणून ठेवलेला राजा आणि त्याचं संपलेलं राज्य.

चार हुतात्मा चौकात रहदारीमुळे धड उभंही राहता येत नाही, तरी थांबा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, पोलीस निघून गेले, काही दिवस इंग्रजांचा अंमलच उरला नाही. मग मार्शल लॉ आला. या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं. नावं पुन्हा वाचा, सोलापूर कोणाकोणाचं आहे ते त्यात आलं.

पूर्व भागात यंत्रमाग बघायला गेलो. मालक आजोबा कामगारांशी तेलुगूत, माझ्याशी मराठीत आणि फोनवर कानडीत बोलत होते. मागाच्या माथ्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, तेच जेकार्ड. कुठला धागा वर उचलायचा ते भोकं ठरवतात आणि खाली मोर उमटत जातो. चादर उलटवली की तोच मोर उलट्या रंगांत. आवाज इतका की आजोबा सगळं खुणांनी सांगत होते. "वापरून बघा, तुमच्यानंतर नातवाला येईल," बाहेर आल्यावर म्हणाले. दोन घेतल्या. कुठल्याही संग्रहालयातल्या काचेपेक्षा ही शेड मला मोलाची वाटली.

जेवणात कडक भाकरी, दही आणि शेंगाचटणी. शेंगदाणे उखळात कुटले की तेल सुटतं, ती खरी चटणी. मिक्सरची नुसती पूड.

परतायच्या आधी अक्कलकोटला गेलोच, पण स्वामींच्या दर्शनानंतर राजवाड्यातलं शस्त्रागारही पाहिलं. तलवारी, भाले, बंदुका, चिलखतं, इतकी शस्त्रं आणि बघायला आम्ही मोजकेच. मंदिरातल्या रांगेतले निम्मे जरी इकडे वळले तरी दालनात गर्दी होईल. सोलापूरहून तासाभराची एसटी आहे.