फझ पुन्हा पहिल्या जागी

रविवार, रात्री ११.४०

गेला महिनाभर माझ्या फझचा, म्हणजे गिटारचा सूर फाटका, लोकरीसारखा करणाऱ्या पेडलचा, खरा आवाज मला सापडत नव्हता. पेडल तेच, गिटार तीच, अ‍ॅम्पही तोच. पण आवाज असा कोरडा नि बोचरा यायचा की दोन मिनिटांत पाय आपोआप स्विचवर जायचा. आज दुपारपासून पावसाची झड लागली होती. पेडलांचा बोर्ड सगळा मोकळा केला, फरशीवर जुना पंचा अंथरला आणि एकेक पेडल त्यावर मांडत बसलो.

घोळ सापडला तो जागेचा. नव्या बोर्डवर माझा फझ, गोल फझ फेस, कोपऱ्यात मावेना, म्हणून मी तो ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्ह पेडलच्या नंतर ढकलला होता. ट्यूब स्क्रीमर बंद असला तरी गिटारचा सिग्नल त्याच्या बफरमधून, म्हणजे सिग्नलला जोर देणाऱ्या सर्किटमधून, जातो. बाकी पेडलांना त्याने काही बिघडत नाही, पण या फझला गिटारचं पिकअप, म्हणजे तारांच्या कंपनाचा सिग्नल करणारा भाग, थेट लागतं. त्याच्या पोटात असून असून काय, दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि वरचे दोन नॉब. एवढ्याशा सर्किटचा पिकअपवर भार पडतो आणि दोघं मिळून आवाज घडवतात. मध्ये बफर आला की हे नातंच तुटतं.

केबल गिटारमधून थेट फझमध्ये लावली. फझचा नॉब पूर्ण वर, गिटारचा व्हॉल्यूम दहावर. जाड, लोकरीसारखा सूर. मग करंगळीने गिटारचा व्हॉल्यूम सहापर्यंत उतरवला. लोकर विरली आणि खाली काचेसारखा स्वच्छ आवाज निघाला, ओपन जी कॉर्डमधली तारन् तार वेगळी. पेडल चालूच होतं. महिनाभर मी नेमकं हेच गमावून बसलो होतो. पंधरा मिनिटं तो एकच नॉब वरखाली करत बसलो, दुसरं काही वाजवलं नाही.

या आवाजाचं मूळ एका बिघाडात आहे, हे मला फार आवडतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये गायक मार्टी रॉबिन्सचं रेकॉर्डिंग चालू असताना स्टुडिओतल्या कन्सोलचा एक चॅनल बिघडला आणि बेसचा आवाज फाटून आला. इंजिनिअर ग्लेन स्नॉडीने तो टाकून दिला नाही. पुढे तसाच आवाज काढणारं सर्किट त्याने मुद्दाम घडवलं आणि १९६२ मध्ये ते माएस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आलं. फझ फेस त्यानंतरचा, १९६६ चा, लंडनचा, माइकच्या स्टँडच्या बुडासारखा गोल. जर्मेनियम उष्णतेला फार हळवं असतं. मे महिन्यात दुपारी हाच फझ वेगळा वागतो, आज पावसाळी गारव्यात किती भरदार वाजला!

ट्यूब स्क्रीमर आता दुसऱ्या जागी. त्याचा ड्राइव्ह, म्हणजे आवाज फाडणारा नॉब, मी जवळजवळ शून्यावर ठेवतो, आवाजाची लेव्हल मात्र भरपूर वर. नावात ट्यूब, म्हणजे जुनी काचेची व्हॅक्यूम नळी, असली तरी आत एकही नाही. एक ४५५८ चिप आणि सुराची टोकं कापणारे डायोड. खालचा बास तो आवरतो, मधला पट्टा पुढे आणतो आणि माझ्या छोट्या ट्यूब अ‍ॅम्पला ढोसून जागा करतो. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉनही ड्राइव्ह कमी आणि लेव्हल जास्त असाच वापरायचा. बँडमध्ये सोलो बुडतो तो बहुतेक वेळा याच मधल्या पट्ट्याअभावी.

शेवटी डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारं पेडल, बॉसचा डीएम-२डब्ल्यू, अ‍ॅनालॉग. यातल्या चिपला बकेट ब्रिगेड म्हणतात. आग विझवायला विहिरीपासून माणसांची रांग लावून बादल्या हातोहात पुढे द्याव्यात, तसा सूर एका कपॅसिटरातून दुसऱ्यात सरकत जातो. प्रत्येक फेरीत थोडी झळाळी सांडते, म्हणून प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्यापेक्षा मऊ आणि अंधुक. डिजिटल डिले सूर जसाच्या तसा परत करतो, त्याची मला गरज पडते पण ओढ लागत नाही.

आई आत गवार मोडत होती. संध्याकाळी मी डिले लावून एक संथ फ्रेज वाजवली, तशी दारात आली. “अरे, मघाचं ते लांब लांब जाणारं परत वाजव. आमच्या गावच्या विहिरीत हाक मारली की असंच उमटायचं.” बादल्यांचं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. परत वाजवलं. शेवटचा सूर पुरता विरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली, हातात शेंग तशीच.

एक कटकट राहिली होती. तिन्ही पेडलं बंद करूनही बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. ती स्वस्तातल्या अ‍ॅडॉप्टरची निघाली. प्रत्येक पेडलला स्वतंत्र, आयसोलेटेड वीज सप्लाय घ्यायचा, पुढच्या पगारावर पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, टापकीर गल्लीत, चक्कर मारायची. फझला तर अ‍ॅडॉप्टरची सोयच नाही. त्यात कोपऱ्यावरच्या दुकानातली साधी ९ व्होल्टची बॅटरी घातली.

विसरायच्या आत सेटिंग लिहून ठेवतो, नॉबची दिशा घड्याळाच्या काट्यासारखी. फझचा नॉब पूर्ण, गिटारचा व्हॉल्यूम सहा. ड्राइव्ह आठ वाजता, लेव्हल तीन वाजता, टोन बाराच्या जरा अलीकडे. डिलेचा रिपीट दहा वाजता.

आणि हो, फझच्या इनपुटमधली केबल काढायची राहिली आहे. ती तशीच ठेवली तर सकाळपर्यंत बॅटरी उगाच खर्च होईल. काढून येतो आणि झोपतो.