उघडीप मिळाली तो दिवस

या पावसाळ्यात माझं सगळ्यात जास्त काम ज्या दिवशी झालं, त्या दिवशी मी चाक सुरूच केलं नव्हतं. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. मातीकाम म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे फिरतं चाक आणि चिखलाने माखलेले हात येतात. चाकावर कप वर यायला पाच मिनिटं पुरतात हो. पुढचं वाळणं, तासणं, कान लावणं, कच्ची भाजणी, ग्लेझ म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, आणि पक्की भाजणी यात आठवडे जातात, आणि पुण्यात श्रावणात त्या आठवड्यांचा भरवसा कुणी द्यावा?

पाषाणला आमच्या घरामागचं पार्किंग म्हणजे माझा स्टुडिओ. एक चाक, लोखंडी मांडण्या, पुढून उघडणारी विजेची भट्टी. सततच्या पावसाने मांडणीवरचा माल नुसता बसून होता. वरचं प्लॅस्टिक आतून घामेजलेलं, कपांची कड दाबली की अजून दबतेय. मग त्या बुधवारी सकाळी लख्ख ऊन पडलं आणि वारा सुटला. उघडीप म्हणजे बाकीच्यांना कपडे वाळत घालायची संधी. मला मात्र धडकीच भरते, कारण इतके दिवस अडलेली सगळी भांडी एकदम हातघाईवर येतात. आतापर्यंत ओली असलेली कड दोन तासांत पांढरी पडते आणि बूड तसंच ओलं राहतं. तडा जातो तो इथेच.

म्हणून आधी कप घेतले. एका कॅफेची चाळीस कपांची ऑर्डर होती, निम्मे भट्टीत, निम्मे मांडणीवर. मालकांना 180 मिलिलिटरचा कप हवा होता. माझी माती भाजून साधारण 12 टक्के आकसते. ते आकसणं उंची, रुंदी, खोली तिन्ही बाजूंनी होत असल्यामुळे ओला कप जवळजवळ 265 मिलिलिटरचा करावा लागतो. तो पाहून मालक म्हणाले होते, "मॅडम, हा तर लस्सीचा झाला!"

कान लावताना ओल जुळावी लागते. कप कोरडा आणि कान ओला असला, तर कान जास्त आकसतो आणि सांध्यातून सुटतो, आणि कधी कधी ते भाजणीतून बाहेर आल्यावरच कळतं. मातीचा लांबट गोळा डाव्या हातात धरायचा, उजवा हात पाण्यात बुडवून खाली ओढत राहायचं. अंगठ्याच्या बाजूने मधोमध हलकी पन्हळ पडते, तिच्यामुळे कप धरताना बोट घसरत नाही. दोन्हीकडे सुईने ओरखडे, त्यावर त्याच मातीची पातळ राड, मग दाबून किंचित हलवायचं. माती माती धरते तेव्हा हाताला ते कळतं, हलवलेलं हलेनासं होतं. कान लागले की कप परत प्लॅस्टिकखाली, म्हणजे रात्रभरात ओल सगळीकडे सारखी होईल.

तोवर वाडगे तासायच्या बेताला आले होते. तासायला मी हाताने फिरवायची फिरकी वापरते. हत्याराखालून लांब सलग पट्टी निघाली तर वेळ बरोबर. भुगा पडायला लागला तर उशीर झाला. शेवटच्या तीन-चार वाडग्यांना भुगाच पडत होता, त्यांना ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं.

हा भुगाच आमच्याकडे वादाचा विषय. मावशी झाडू घेऊन आल्या. "मावशी, झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं." "अहो ताई, आधी झाडल्याशिवाय पुसलं तर नुसता रबरबाट होतो!" त्यांचं बरोबर आहे, रबरबाट होतोच. पण या धुळीत सिलिका असते. डोळ्यांना न दिसणारे कण हवेत तरंगत राहतात आणि फुप्फुसात गेले की तिथून निघत नाहीत. दगडखाणीतल्या कामगारांना होणारा सिलिकोसिस तो हाच. मावशींनी पुसलं, पण तोंडाने चालूच होतं.

बाराच्या सुमारास गार होत आलेल्या भट्टीचा काटा 80 अंशांवर आला. लोक 200 लाच दार किलकिलं करतात, मी करत नाही. गार वारा लागून चांगलं जमलेलं ग्लेझ तडकताना पाहिलं की असली घाई पटत नाही. दार उघडून कान दिला. टिंग टिंग ऐकू आलं की ग्लेझला बारीक भेगा जातायत असं समजायचं. आज काही नाही. मध-तपकिरी रंग लोहाचा, पाहिजे होता तसाच. त्या मालकांना खरं तर इंटरनेटवर पाहिलेला सेलाडॉन, म्हणजे फिकट हिरवा ग्लेझ, हवा होता. तोही लोहाचाच, पण त्यासाठी भट्टीतला प्राणवायू कमी करावा लागतो, ते काम गॅसच्या किंवा लाकडाच्या भट्टीचं. विजेच्या भट्टीत तेच लोह पिवळं-तपकिरीच होणार.

भट्टी रिकामी झाली तरी आत ऊब होती. पावसाळ्यात कच्ची भाजलेली भांडी हवेतली ओल पितात आणि मग ग्लेझ कमी ओढतात, थर पातळ बसतो. म्हणून ग्लेझ करायच्या थाळ्या तासभर त्याच उबेत ठेवल्या आणि जेवून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "आज चाकाचा आवाज नाही. सुट्टी घेतलीस वाटतं?"

दुपारभर ग्लेझ. जाळीतून गाळायचं, एक लिटरचं माप भरून वजन करायचं. माझ्या ग्लेझला ते 1450 ग्रॅमच्या आसपास आलं की ठीक. बुडाला मेण, मग तीन सेकंद बुडवून बाहेर. कुठे शंका आली तर सुई टोचून थर पाहायचा.

गुरुवारी सकाळी दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असा निरोप होता, म्हणून रात्री आठच्या आत बटण दाबणं भाग होतं. भट्टीत डोकावायच्या भोकासमोर पाच, सहा, सात नंबरचे कोन, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारे छोटे सुळके, उभे केले. काट्यावर आकडा दिसतो खरा, पण मातीला किती उष्णता किती वेळ मिळाली ते कोनच सांगतो. सहा नंबर वाकतो साधारण 1222 अंशांना, हळू तापवलं तर. ग्लेझमधलं पाणी निघेपर्यंत वरचं बूच उघडं ठेवलं आणि मधल्या वेळात कॅफेच्या मालकांना कपांचे फोटो पाठवले. उत्तर आलं, "मस्त! पण दोन जरा जास्त डार्क वाटतात." भट्टीच्या तळाला तापमान वेगळं असतं हे त्यांना फोनवर समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी ते दोन मीच ठेवून घेतले.

पहाटे पाचला उठून काळा चष्मा लावून भोकातून पाहिलं. पाच लोळला होता, सहाचं टोक खाली टेकलं होतं, सात ताठ. भट्टी बंद केली आणि परत झोपले.