प्रश्नाचं कार्ड

जानेवारी संपत आला की मी पोस्टकार्डाच्या मापाची कोरी कार्डं कापायला घेते. यंदा नववीत अडतीस मुलं आहेत, म्हणून अडतीस कार्डं, शिवाय वर पाचसहा जास्तीची. मुलांनी कार्डाच्या मागे नाव लिहायचं आणि पुढे एकच प्रश्न. तो पुस्तकातला नको, स्वतःला पडलेला हवा. येत्या महिन्यात पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुकाची, म्हणजे तिथल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेची, व्याख्यानं ऐकायला आम्ही जाणार आहोत, त्याची ही तयारी.

आमची शाळा खेड तालुक्यात आहे. सकाळची एसटी धरून शिवाजीनगर, तिथून पीएमटीने विद्यापीठ. आयुका दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यान ठेवते, तेही मराठीतून, ही गोष्ट आमच्या भागातल्या कितीतरी पालकांना माहीत नसते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. १९२८ साली त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला होता. त्या सुमाराला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीचं, म्हणजे तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीचं, विज्ञान प्रदर्शन भरतं. ते तर आम्हाला पुण्यापेक्षा जवळ. ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० अँटेना मुलांनी नारायणगावकडे जाताना लांबून पाहिलेल्या असतात. त्या काय ऐकतात, हे मात्र कुणी त्यांना सांगितलेलं नसतं.

कार्डाची कल्पना माझी नाही. आयुकाचे संस्थापक जयंत नारळीकर सर मुलांना नुसती सही देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल, असं सांगत आणि खरोखर उत्तरं लिहीत. २० मे २०२५ रोजी सर गेले. त्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, सुट्टी असतानाही, आमच्या शाळेतली एक मुलगी घरी येऊन विचारून गेली, "बाई, आता प्रश्न कुणाला पाठवायचा?" तेव्हापासून हा कार्डांचा प्रकार मी जास्तच मनावर घेतला आहे.

मुलांना व्याख्यानाला न्यायचं म्हणजे नुसतं नेऊन बसवायचं नाही. आधी दोन तास तरी त्या विषयावर बोलावं लागतं. दोन वर्षांपूर्वी विषय होता गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आखडत जाणाऱ्या लहरींचा. मी वर्गात फळ्यावर काटकोनात दोन लांब रेघा काढल्या आणि सांगितलं, अमेरिकेत लायगो नावाच्या, या लहरी टिपणाऱ्या केंद्राच्या अशा दोन भुजा आहेत, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब नळीच्या. त्यांच्यातून लेझरचा प्रकाश जाऊन परत येतो. लहर गेली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी किंचित आखडते. किंचित म्हणजे किती, तर प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या हिश्शाइतकी. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा अशी लहर पकडली गेली. आता आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ तसंच केंद्र उभं राहणार आहे. ज्योतिर्लिंगाच्या निमित्ताने औंढ्याला जाऊन आलेली दोन मुलं वर्गात होती, त्यांना तर हे आपल्याच घरचं वाटलं.

व्याख्यानाच्या शेवटी प्रश्न सुरू झाले. आमच्या वर्गातली एक मुलगी, जी वर्गात हजेरीपलीकडे सहसा बोलत नाही, कार्ड हातात धरून उठली. तिने विचारलं, "पृथ्वी गोल आहे, मग चार किलोमीटरची नळी सरळ कशी राहते? जमीन तर वाकते ना?"

व्याख्याते क्षणभर थांबले. मग फळ्याकडे गेले, एक मोठी कमान काढली, तिला टेकून एक सरळ रेघ ओढली आणि म्हणाले, बघा, टोकाला जमीन किती खाली गेली. ४ किलोमीटरवर हा फरक सव्वा मीटरच्या आसपास येतो. प्रकाश सरळच जाणार, म्हणून नळीखालचा पाया जमिनीची गोलाई हिशोबात धरून घालावा लागतो. मुलगी तिथेच उभी राहून ते कार्डाच्या मागे उतरवून घेत होती. शेजारची मैत्रीण तिला खाली ओढत होती, तरी ती बसली नाही. परतीच्या एसटीत तिने तो हिशोब स्वतः करून पाहिला. पायथागोरसचा सिद्धांत आणि ६,४०० किलोमीटरची त्रिज्या, एवढंच लागतं. उत्तर जुळलं तेव्हा राजगुरुनगर आलं होतं.

म्हणून प्रश्नांची वेळ कापली गेली की मला फार वाईट वाटतं. मागच्या वर्षी एका महाविद्यालयात विज्ञान दिनाच्या व्याख्यानाला मुलांना नेलं होतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मनोगतं, या सगळ्यात तासभर गेला. संशोधक बाई बोलल्या पंचवीस मिनिटं, आणि किती सुंदर बोलल्या! मग जाहीर झालं, वेळेअभावी प्रश्नोत्तरं होणार नाहीत. आमच्या रांगेतली कार्डं हातातच राहिली. मी ती गोळा करून व्यासपीठामागे त्या बाईंना नेऊन दिली. त्यांनी अकरा प्रश्नांची उत्तरं लिहून टपालाने शाळेत पाठवली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण आयोजकांना मनापासून सांगते, सत्कार दोन मिनिटांत उरका. मुलं पहाटे उठून, डबा बांधून येतात ती पाहुण्याला विचारायला येतात.

आणि पालकांनो, "त्याला काय कळणार तिथलं" हे कृपा करून म्हणू नका. मला स्वतःला पहिल्या व्याख्यानातलं निम्मंही कळलं नव्हतं. मी बीएस्सी झालेली होते तरीही. जे निम्मं उरलं, त्याच्या मागे मी अजून आहे.

या वेळच्या कार्डांपैकी एकवीस आली आहेत. एक वाचून मी सगळं काम बाजूला ठेवलं. आयुकात फुकोचा लंबक, म्हणजे लांब तारेला टांगलेला, झोके घेणारा जड गोळा आहे, हे मी वर्गात सांगितलं होतं. पृथ्वी फिरते म्हणून त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळताना दिसते. ध्रुवावर तो दिवसाभरात फेरी पुरी करेल, पुण्याच्या अक्षांशावर त्याला साधारण ७५ तास लागतात. मुलाने लिहिलं आहे: "व्याख्यान चालू असताना तो किती वळेल? आपल्याला पृथ्वी फिरताना दिसेल का?"

रात्री बसून आकडेमोड केली. तासाला पावणेपाच अंशांच्या आसपास. दीड तासात सात अंश, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. झोक्याचं टोक मध्यापासून मीटरभर लांब असेल तर बारा सेंटिमीटर सरकलेलं दिसायला हवं, म्हणजे डोळ्यांना सहज कळेल इतकं. आत जाताना झोका कुठल्या दिशेला आहे ते दोघांनी टिपायचं, बाहेर येताना दुसऱ्या दोघांनी. लंबकापाशी थांबू द्याल का, असं विचारणारं पत्र काल टाकलं. भूमितीच्या पेटीतला मोठा कोनमापक त्या मुलाकडे देऊन ठेवला आहे.