वायफाय परत आलं!

सकाळी लॅपटॉप उघडला तर वायफायचं चिन्हच गायब. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या लॅपटॉपच्या भागांच्या यादीत, वायफाय अडॅप्टरचं (आतल्या वायफाय कार्डाचं) नावसुद्धा नाही. आणि आजच लेकीचा प्रवेशअर्ज भरायचा होता, जीव नुसता टांगणीला लागला. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकला, दोनदा रिस्टार्ट केलं, ढिम्म. विंडोजला कार्डच दिसत नसेल तर ड्रायव्हर तरी काय करणार!

शेवटी धाकट्या भावाने फोनवर सांगितलं, "ताई, पूर्ण बंद कर, चार्जर काढ आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धर." आत उरलेली वीज निघून गेली की कार्ड नव्याने सुरू होतं. मनात आकडे मोजले, चालू केलं, आणि कोपऱ्यात ते पंख्यासारखं चिन्ह हजर! लगेच डिव्हाइस मॅनेजरमधून अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवायला अडॅप्टर बंद करण्याच्या परवानगीवरची टिक काढली.

चार वाजता अर्ज गेला. भावा, खूप खूप थँक्यू रे!